भुकेलं मूळ

७ जानेवारी, मंगळवार

पोचले एकदाची. परभणीहून इथे तंजावरच्या मुलखात, गाड्या बदलत, केळी आणि बिस्किटांवर. स्टेशनबाहेर माझे नवे मालक हरिकृष्णराव स्वतः स्कूटर घेऊन उभे. माझी बॅग पायांशी, मी मागे, आणि स्कूटर जी हाणली ती थेट घरापर्यंत. वाटेत म्हणाले, राव-बिव नको, मामा म्हण. घरात सुब्बलक्ष्मी आहे तिला मामी म्हण. भांडायचं असेल तर तिच्याशी, मला वेळ नाही.

खोली मस्त. वरच्या मजल्यावर, एकटीची. एका खिडकीतून अरसलार नदी, दुसरीतून कारखाना. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड, एवढीशी लॅब आणि पाकिटं भरायचं मशीन. उडीद-मुगाच्या मुळांवर गाठी आणणारे जिवाणू वाढवायचे, कोळशाच्या काळ्या भुकटीत मिसळायचे, विकायचे. एम.एस्सी. होऊन घरी बसले आणि आईची बोलणी खाल्ली, त्यानंतर हे म्हणजे राजवाडाच.

यांचं मराठी ऐकायला मजा येते. तंजावरच्या दरबारापासूनचं, तसंच ठेवलेलं. मामी मला बघून म्हणाली, ऐसी कैसी वाळलीस गे, तुमचे गावीं भात मिळना की काय. आणि वर असंही की तुम्ही पुण्या-परभणीचे लोक शब्द अर्धे गिळता, म्हणून पोट भरत नाही. हसताना ती पदराचं टोक तोंडावर धरते. जुन्या फोटोतल्या बायकांसारखी.

मला इथे आवडणार आहे.

९ जानेवारी, गुरुवार

लॅब लावली. माझ्या आधी गिरीश नावाचा मुलगा होता, फार व्यवस्थित. बाटल्यांवरचं अक्षर मोत्यासारखं. तो आता शेतावरच असतो म्हणे, प्रयोगाच्या तुकड्यावर.

इथे भात उभा असतानाच, कापणीच्या थोडं आधी, खालच्या चिखलात उडीद फेकतात. भात कापला की उडीद उगवलेला. नांगरणी नाही, खत नाही. मग झाडाला नत्र कुठून? मुळांवरच्या गाठींतून. म्हणून या दिवसांत शेतकरी बियांची पोती घेऊन आमच्याकडे येतात. भाताची पेज, त्यात आमची काळी भुकटी, त्यात बी. हातानं कालवायचं, गोणपाटावर सावलीत सुकवायचं, घरी न्यायचं.

कालवायचं काम अलमेलूचं. कोपरापर्यंत काळी असते. मी हातमोजे घालून आले तर तमिळमध्ये काहीतरी म्हणाली आणि बाकीच्या बायका खिदळल्या. मामीनं सांगितलं, ती विचारतेय, नवऱ्याला पण मोजे घालूनच वाढणार का ही.

हसू देत. मला किळस येते. लहानपणापासून. बारीक, गोल, एकमेकांना चिकटलेलं काहीही दिसलं, बेडकाची अंडी, फणसाची साल, भिजलेला साबुदाणा, की मानेवर काटा. आणि विषय घेतला मुळांच्या गाठी. आई म्हणते तू मुळात उलटीच जन्मलीस. पण आमचे सर म्हणायचे, किळस जपून ठेव. जिवाणूंच्या कामात ती हातमोज्यांहून उपयोगाची. येईनाशी झाली की समज, लॅब सोडायची वेळ झाली.

१२ जानेवारी, रविवार

सुट्टी. खाणं हेच काम. मामीच्या स्वयंपाकघरात एक मोठी मातीची चट्टी आहे. उरलेला भात त्यात, वर पाणी, रात्रभर. सकाळी ताक, मीठ, छोटे कांदे घालून प्यायचं. पळयदु म्हणतात. आंबूस, गार, थोडं मातकट. पहिल्या दिवशी नाक मुरडलं, आता दोन वाट्या पिते. ती चट्टी मामी कधी पूर्ण रिकामी करत नाही, तळाशी थोडं राहूच देते. रिकामं भांडं घरात असूं नये, म्हणाली. सासूनं तिला दिली तेव्हाही तळाशी होतं.

दुपारी मामांनी गिरीशचा नवा जिवाणू समजावला. साधा प्रकार असा: मुळाला भूक लागली की ते मातीत एक वास सोडतं. हाकच मारतं म्हणा. जिवाणू ओ देतो. मग मुळाचा केस वाकतो, त्याला कवेत घेतो, आत घेतो. आत सायटोकायनिन, म्हणजे वाढीचं संप्रेरक, वाढतं, पेशी भराभर विभागायला लागतात, गाठ होते. म्हणजे जिवाणू घुसखोर नाहीच, झाडच दार उघडतं. गिरीशचा जिवाणू मात्र सायटोकायनिन स्वतः ओततो, भरभरून. हाकेची वाट बघत नाही.

यंदाच्या काळ्या भुकटीत तोच आहे आणि मामा खूश आहेत. गाठ जास्त, खत कमी, यंदा सगळा तालुका आपल्या दारात. मी विचारलं, गाठी किती यायच्या हे कोण ठरवतं मग. ते म्हणाले, तू ठरव, त्यासाठी तर पगार देतों.

१६ जानेवारी, गुरुवार

पोंगल झाला. आज गिरीशच्या कुंड्या उपटल्या.

लिहितानाही अंगावर येतंय. उडदाच्या मुळावरची गाठ साधारण मोहरीएवढी असते, फार तर ज्वारीएवढी. या द्राक्षांएवढ्या. मूळ दिसतच नव्हतं. एकावर एक, घोसच्या घोस, आणि मातीच्या वर, खोडावरसुद्धा, पानांच्या बेचक्यांपर्यंत. ओल्या, ताणलेल्या. एक कापली. आतून लाल. म्हणजे लाल असतेच, झाडाच्या गाठीत रक्तासारखंच एक द्रव्य असतं, पुस्तकात शिकलोय, परीक्षेत लिहिलंय. पण ही ब्लेडवर ओघळली.

तेवढ्यात अलमेलू आली आणि कौतुकानं मला हात दाखवला. नखांच्या कडेनं, बोटांच्या पेरांवर, ओळीनं गाठी. गुलाबी, चकचकीत. चामखीळ अशी नसते. तिनं एक दाबून दाखवली, दुखत नाही बघ, म्हणाली, खुणांनी आणि मोडक्यातोडक्या मराठीत. उलट हल्ली अंगात ताकद वाटते, जेवलं नाही तरी चालतं, पोरी म्हणतात आई गोरी झालीस. तिनं तो हात माझ्या गालाकडे आणला, लाडानं.

मी पळाले. वर जाऊन ओकले. मामांना सांगितलं तर म्हणाले ओल्या कामानं कातडी सुजते, त्यांच्यात सगळ्यांनाच होतं. मी म्हटलं डॉक्टर. ते म्हणाले पोंगलनंतर. मी म्हटलं पोंगल झाला. ते म्हणाले, मग पुढच्या पोंगलनंतर, आणि स्वतःच हसले.

हातमोजे आता दोन-दोन घालते. हात साबणानं इतके धुतले की फाटलेत.

२१ जानेवारी, मंगळवार

गिरीशला भेटले. मीच हट्ट केला की हा जिवाणू कुठून काढला ते त्याच्याकडून ऐकायचंय. मामा तिरुनागेश्वरम् जवळच्या तुकड्यावर सोडून गेले, तासाभरात येतो म्हणाले.

बांधावर बसला होता. पाय पोटरीपर्यंत चिखलात, हात मनगटापर्यंत. माझ्याएवढाच असेल वयानं. तब्येत तुकतुकीत, ओठ लाल. वाटलं पान खाल्लंय, इथे सगळेच खातात. बोलतही तसाच होता, तोंड भरल्यासारखा, शब्द गालात अडकवत. विचारलं, हात का घातलेस खाली. म्हणाला, बरं वाटतं. विचारलं, जेवतोस कुठे. त्यावर खूप हसला.

मग मी माझा जुना प्रश्न विचारला, गाठी किती यायच्या हे कोण ठरवतं. आणि त्यानं नीट, शिकवल्यासारखं सांगितलं. झाडात पानं ठरवतात. पुरेशा गाठी झाल्या की पानं मुळाला निरोप धाडतात, बस. तो निरोप आला की मूळ थांबतं.

आणि म्हणाला, आपल्याला पानं कुठेत.

आपल्याला. मी तो शब्द पकडायच्या आत तो पुन्हा हसला आणि हनुवटीवर लाल लाळ आली. पानाचा वास नव्हता. उकरलेल्या मातीचा होता, आणि लोखंडाचा. तोंडात काहीतरी हललं. जीभ नव्हती ती. जिभेवर होतं. घोस.

रस्त्यापर्यंत धावले. मामा येईपर्यंत उभी राहिले ऊसवाल्याच्या गाडीशी. त्यानं रस दिला, घोटभरही गेला नाही.

नोकरी सोडायची. महिना भरायला थांबत नाही. रविवारची गाडी बघते.

२५ जानेवारी, शनिवार

रविवारचं तिकीट नाही, वेटिंग. थेट ५ फेब्रुवारीचं मिळालं, ते काढलंय.

भूक लागत नाही. आधी वाटलं, ते बघून मेली असेल. पण अशक्त वाटायला हवं ना. वाटत नाही. जिने चढताना दम लागत नाही, केस गळत नाहीत, आरशात गाल वर आलेत. आईला व्हिडिओ कॉल केला तर खूश झाली, म्हणाली तिकडचा भात मानवला गं तुला, आता स्थळं बघायला हरकत नाही.

दात घासताना जिभेखाली काहीतरी टोचलं. तांदळाचा दाणा अडकावा तसं.

निघत नाही.

२६ जानेवारी, रविवार

दाणा नाही.

मोबाईलचा दिवा लावून आरशात बघितलं. जिभेखाली, निळ्या शिरेच्या कडेनं. ओळीनं. छोट्या आहेत. गुलाबी. ओल्या.

मी काहीही हाताला लागू दिलं नाही. दोन-दोन मोजे. मास्क. पाणी उकळून. मग कुठून. कुठून.

२७ जानेवारी, सोमवार

कळलं.

मी सकाळी लॅबमध्ये असते, शेडमध्ये बी कालवतात तेव्हा नसते. आज गेले. अलमेलूसमोर मामीची चट्टी होती. स्वयंपाकघरातली. तीच. तिच्यातली पेज बियांवर ओतत होती, काळ्या हातानं कालवत होती, पुन्हा तेच हात चट्टीत घालून वाटीवाटीनं काढत होती. झाल्यावर तळाशी थोडं ठेवलं, चट्टी उचलली आणि मागच्या दारानं घरात नेऊन चुलीशेजारी ठेवली. मामीनं त्यावर कालचा भात घातला. पाणी घातलं. झाकलं.

मी दारात उभी राहून विचारलं. आवाज फाटला माझा. मामीला माझा राग कळेचना. म्हणाली, जुनी पेज नीट चिकटते, ताजी चिकटना, म्हणून तीच नेतात. मग धुवून का नाही आणत, म्हटलं. तर ती दुखावली. ती चट्टी या घरांत कधी धुतली नाही, म्हणाली, तळचं अन्न कैसें टाकूं. काळं म्हणजे काय, मातीच ना. माती पोटांत गेली तर काय होतें.

आणि समजूत घालायला हसली. पदर धरायला हात मोकळा नव्हता.

तिच्या हिरड्यांवर, वर-खाली. दात मध्ये मध्ये.

मी वीस दिवस दोन वाट्या प्याले. दुपारी तिसरी मागून घ्यायचे.

२८ जानेवारी, मंगळवार

मामांना सांगितलं, सगळं बी थांबवा. लोकांचे हात आहेत, घरं आहेत. त्यांनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, अठरा पोती कालच गेली. आणि उडीद उगवेल, माणसांना भूक कमी लागेल, यांत रडायचें काय. त्यांनी जांभई दिली. मी बघितलं नाही. मुद्दाम खाली बघितलं.

काही खात नाही इथलं. बाटलीतलं पाणी, बंद बिस्किटं. बिस्किट तोंडात कोरडं होतं आणि गोळा बनतो. थुंकते.

तेव्हा मला कडकडून भूक होती. आले त्या दिवशी. केळी आणि बिस्किटांवर आले होते. भुकेलं मूळच हाक मारतं ना.

२९ जानेवारी, बुधवार

बोलताना चावली गेली. एक. फुटली.

कोमट. लोखंडाची चव. थुंकायला बेसिनपर्यंत गेले.

थुंकायला गेले आणि गिळली.

लिहून ठेवते: किळस आली. आली. उशिरा आली, पण आली.

३१ जानेवारी, शुक्रवार

मोठ्या रस्त्यावर दातांची डॉक्टर, नित्या म्हणून. तरुण. आधी चेष्टा करत होती माझ्या तमिळची. मी तोंड उघडलं तशी तिनं दिवा जवळ ओढला. छोटा आरसा आत फिरवला. मग विचारलं, घशात दुखतं का. म्हणजे खाली पण आहेत. किती खाली ते तिला दिसलं नाही. चिमट्यानं एक काढून तपासायला पाठवते म्हणाली.

चिमटा आत आला आणि माझं तोंड मिटलं.

मी मिटलं नाही. मिटलं. तिचा आरसा दातांत अडकला, ती ओरडली. मला तिचा राग आला. खरा राग. कुणी आपल्या लेकराला ओढत असावं तसा.

तंजावरच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिलीय. भूल देऊन काढतील. तिथे फोन केला, मंगळवारी या म्हणाले. चार दिवस. चार दिवस फक्त किळस टिकवायची. बाकी काही माझ्या हातात नाही. ती गेली तर मी स्वतःहून तोंड उघडणार नाही, हे आज कळलं.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळ: साबुदाण्याचा फोटो बघितला. काटा आला. चांगलं.

दुपार: फणसाची साल. थोडा.

संध्याकाळ: गिरीशच्या कुंडीचा फोटो. घोस. बघत बसले. पाणी सुटलं तोंडाला —

नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

अलमेलू जिना चढून आली. मामीनं पाठवलं म्हणे. हात आता बोटं वेगळी दिसत नाहीत असा. माझ्या केसांतून फिरवला. तमिळ मला सगळं कळत नाही पण म्हणत होती की पहिल्यांदा असंच होतं, मूल पोटात असताना ओकारी येते ना, तसं, मग थांबते.

मी हात झटकला नाही. झटकायला हवा होता. गार होता. बरं वाटत होतं —

३ फेब्रुवारी, सोमवार

आईचा फोन. आवाज असा काय गं, तोंडात काय आहे. म्हटलं काही नाही. म्हणाली थुंक आधी, मग बोल.

रडले. थुंकता येत नाही आई. आता जागा —

उद्या. उद्या पहिली बस.

४ फेब्रुवारी, मंगळवार

तंजावर. इस्पितळ. बाकावर. आले, आपल्या पायांनी आले. बसमध्ये दोनदा उतरावंसं वाटलं, कावेरीचा पूल, आणि मग एका शेताशी, ओला चिखल होता. उतरले नाही.

लिहीत राहायचं. नाव पुकारेपर्यंत. का काढायच्या ते लिहायचं.

कारण त्या माझ्या नाहीत.

कारण वाढत जातात. घशाच्या खाली गेल्यात. रात्री श्वास घेताना एकमेकींना घासतात, आवाज येतो, बारीक, ओला. थांबा म्हणणारं माझ्यात काही नाही.

कारण किळस. शेजारी एक बाई डबा उघडून इडली खातेय, दातांत चिकटलेली, ओठांना लागलेली, गिळतेय, पुन्हा बोटं घालतेय तोंडात. कोरडं कोरडं तोंड. नुसते दात. रिकामं.

किळस आली मला. जोरात आली. तिची —

नाही, असं नाही. पुन्हा. कारण त्या माझ्या

आई. आई किती हडकली होती परवा फोनमध्ये. तिला भूक लागते अजून. दिवसातून तीनदा, बिचारीला —

माझं नाव पुकारलं. जयश्री. दारात सिस्टर आहे, हातमोजे घातलेली. पुन्हा पुकारलं. उठायचं आणि तोंड उघडायचं, एवढंच, मी उठणार आहे, फक्त एकदा जीभ फिरवून घेते, सगळ्या आहेत ना, हिची उब, हिची, ही कालच आली, इवलीशी, हिला कशी मी

जयश्री म्हणतायत. इथे कुणी जयश्री आहे का विचारतायत, आणि ती इडलीवाली बाई माझ्याकडे बघतेय, आणि मी मान हलवून नाही —